फाइल सेव्ह करताना लॅपटॉप का अडतो? आधी दुखणे ओळखा, मग खर्च करा

अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत. सगळी माहिती भरून झालेली, आता फक्त उत्पन्नाचा दाखला जोडायचा. 'चूज फाइल'वर क्लिक केले जाते आणि लॅपटॉप गप्प होतो. निळे वर्तुळ फिरत राहते, वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरे येतात. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट काहीच हलत नाही. मग अचानक खिडकी उघडते आणि सारे सुरळीत सुरू होते. पुढची फाइल जोडताना पुन्हा तेच.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत लॅपटॉप हा आता फक्त विद्यार्थ्यांच्या दप्तरात राहिलेला नाही. हळद-बेदाण्याच्या अडतीतील पावत्या, करसल्लागारांची विवरणपत्रे, द्राक्ष निर्यातीची कागदपत्रे, शाळांचे निकाल, सहकारी संस्थांचे ताळेबंद, सगळे त्यातच असते. त्यामुळे हे अडणे नुसते कंटाळवाणे नसते. मुदत चुकली तर शिष्यवृत्ती हुकते, विवरणपत्र उशिरा गेले तर विलंब शुल्क बसते.

अशा वेळी दोनच सल्ले सर्रास मिळतात : 'फॉरमॅट मारा' किंवा 'नवा घ्या'. प्रत्यक्षात अनेकदा दोष दोन मिनिटांत, एक रुपयाही खर्च न करता दूर होण्यासारखा असतो. मात्र काही वेळा हेच अडणे हार्ड डिस्क बंद पडण्याची पूर्वसूचना असते आणि तेव्हा घाईने केलेली दुरुस्ती सारा डेटा घालवू शकते. या दोहोंतला फरक ओळखायचा कसा, ते पाहू.

सेव्ह आणि अटॅच, दोन्ही एकदमच का अडतात?

वर्डमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना उघडणारी खिडकी आणि जीमेलमध्ये फाइल जोडताना उघडणारी खिडकी दिसायला सारखी असते, कारण ती एकच असते. ती वर्डची नसते आणि ब्राउझरचीही नसते. ती विंडोजची असते. प्रत्येक सॉफ्टवेअर गरज पडली की तीच उसनी घेते.

ही खिडकी उघडताना विंडोज बरीच कामे करते. डावीकडच्या यादीतील प्रत्येक ड्राइव्ह आणि फोल्डर जागेवर आहे का, हे पाहते. अलीकडे वापरलेल्या फाइलींची यादी जुळवते. फोटोंची छोटी चित्रे तयार करते. वनड्राइव्हसारख्या सेवेची स्थिती विचारते. यातील एखाद्या ठिकाणाहून उत्तर आले नाही, तर विंडोज वाट पाहत थांबते आणि तोवर अख्खी खिडकी गोठते. म्हणजे लॅपटॉप मंद झालेला नसतो, तो कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असतो.

अडते नेमके कुठे?

दुरुस्तीला हात घालण्याआधी हा प्रश्न सोडवावा. फाइल सेव्ह किंवा अटॅच करण्याचे तीन टप्पे असतात.

पहिला टप्पा खिडकी उघडण्याचा. इथे अडत असेल तर दोष बहुधा तुटलेले नेटवर्क ड्राइव्ह, जुने दुवे किंवा फोटोंनी भरलेले फोल्डर यांत असतो.

दुसरा टप्पा फाइल डिस्कवर लिहिली जाण्याचा. खिडकी झटकन उघडते, पण 'सेव्ह' दाबल्यावर थांबावे लागते, तर संशय डिस्क, अँटिव्हायरस किंवा भरलेली जागा यांच्यावर घ्यावा.

तिसरा टप्पा फाइल इंटरनेटवर चढण्याचा. फाइल निवडली जाते, पण टक्केवारी पुढे सरकत नाही, तर लॅपटॉप निर्दोष आहे. तिथे प्रश्न इंटरनेटच्या अपलोड वेगाचा किंवा फाइलच्या आकाराचा असतो.

आणखी एक सोपी चाचणी आहे. नोटपॅड उघडा, दोन शब्द लिहा आणि डेस्कटॉपवर सेव्ह करा. नोटपॅडही अडले तर दोष विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. नोटपॅड चालले आणि फक्त वर्ड किंवा एक्सेल अडले तर दोष त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे.

साताऱ्याचा ड्राइव्ह, सांगलीत लॅपटॉप

समजा, एखाद्या संस्थेचे मुख्य कार्यालय साताऱ्यात आहे. तिथल्या सर्व्हरवरील सामायिक फोल्डर कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर 'झेड' ड्राइव्ह म्हणून जोडलेले आहे. कार्यालयात सगळे झटपट चालते. शनिवारी तोच लॅपटॉप पुणे-बंगळूर महामार्गाने कराड ओलांडून सांगलीला घरी येतो आणि घरच्या वायफायला जोडला जातो. आता 'सेव्ह अ‍ॅज' केले की विंडोज साताऱ्याच्या सर्व्हरला हाक मारते. तो सर्व्हर घरच्या नेटवर्कवर नसतोच. ठरलेली मुदत संपेपर्यंत विंडोज वाट पाहते, मग नाद सोडते आणि खिडकी उघडते. फाइल डेस्कटॉपवर ठेवायची असली तरी ही हाक मारली जाते.

सोमवारी कार्यालयात गेल्यावर लॅपटॉप पुन्हा ठीक. त्यामुळे दुकानदाराला दाखवला तर दोष सापडत नाही आणि घरी आणला की पुन्हा हजर होतो. 'घरी अडतो, ऑफिसात चालतो' हे या दुखण्याचे सर्वांत पक्के लक्षण.

खात्री करायची तर वायफाय बंद करून पुन्हा 'सेव्ह अ‍ॅज' करून पाहा. नेटवर्कच नसले की विंडोजला हाक मारण्याचे कारण उरत नाही. खिडकी लगेच उघडली तर दोष नेटवर्क ड्राइव्हचाच असण्याची शक्यता मोठी.

उपाय सोपा आहे. विंडोज आणि ई ही बटणे एकत्र दाबून 'धिस पीसी' उघडा. लाल फुली असलेला किंवा आता वापरात नसलेला ड्राइव्ह दिसला तर त्यावर राइट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' निवडा. यामुळे सर्व्हरवरील फाइली जात नाहीत, फक्त लॅपटॉपवरची जोडणी सुटते. ड्राइव्ह लागणारच असेल तर तो पुन्हा जोडताना 'रीकनेक्ट अ‍ॅट साइन-इन' हा पर्याय काढून ठेवावा आणि कार्यालयात गेल्यावर गरजेपुरता जोडावा. कार्यालयाच्या लॅपटॉपवर हे बदल करण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाला विचारलेले बरे.

याच जातीचा आणखी एक दोष आहे. लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असते आणि काही वेळ न वापरल्याने ती झोपलेली असते. खिडकी उघडताना विंडोज तिलाही उठवते. फिरणारी तबकडी पूर्ण वेगात यायला काही सेकंद जातात, तेवढा वेळ सगळे थांबते. डिस्क काढून पाहिली की उलगडा होतो.

जुने दुवे आणि लग्नाचे फोटो

डावीकडच्या 'क्विक अ‍ॅक्सेस' यादीत पूर्वी पिन केलेली फोल्डरे असतात. त्यातील एखादे पेन ड्राइव्हवरचे किंवा नेटवर्कवरचे असेल आणि आता जागेवर नसेल, तरी विंडोज ते शोधत बसते. असे प्रत्येक फोल्डर राइट क्लिक करून 'अनपिन' करावे. त्यानंतर फाइल एक्सप्लोररच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'जनरल' या पानावर जावे. तिथे 'क्लिअर' दाबले की अलीकडच्या फाइलींची जुनी यादी पुसली जाते. फाइलींना धक्का लागत नाही. त्याच पानावर सर्वांत वर एक्सप्लोरर 'होम'ऐवजी 'धिस पीसी'वर उघडण्याची सोय आहे, तीही निवडावी.

दुसरे ठिकाण म्हणजे 'डाउनलोड्स'. फोनमधून आलेले, लग्नाचे, जत्रेचे हजारो फोटो आणि व्हिडिओ अनेकांकडे तिथेच साचलेले असतात. ब्राउझरमधून फाइल जोडताना बहुधा हेच फोल्डर आधी उघडते आणि विंडोज प्रत्येक फोटोचे छोटे चित्र बनवायला घेते. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधील 'कस्टमाइझ' या पानावर 'जनरल आयटम्स' निवडावे. त्याहून चांगले म्हणजे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावेत आणि 'डाउनलोड्स' महिन्यातून एकदा रिकामे करावे.

वर्ड किंवा एक्सेलच अडत असेल तर वनड्राइव्ह तपासावे. वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी आहे. ती भरली की फाइली वर चढणे थांबते. उजवीकडे खाली घड्याळाजवळ निळा ढग दिसतो, त्यावर लाल किंवा पिवळी खूण असेल तर आधी ती अडचण सोडवावी. वर्डच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'सेव्ह' या पानावर 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट' हा पर्याय असतो. तो निवडला की वर्ड प्रत्येक वेळी आधी ढगाकडे धाव घेत नाही. इतके मात्र लक्षात ठेवावे की मग फाइलची प्रत आपोआप ढगात जात नाही, ती जबाबदारी वापरणाऱ्यावर येते.

अँटिव्हायरस एकच बरा

नवी फाइल लिहिली जाताना किंवा उघडली जाताना अँटिव्हायरस ती तपासतो. हे त्याचे कामच आहे. या व्यवसायाचा एक धागा सातारा जिल्ह्यापर्यंत पोहोचतो. पुण्यातील क्विक हील कंपनीचे संस्थापक कैलास काटकर मूळचे रहिमतपूरचे. त्यांनी सुरुवात केली ती कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून. संगणक दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून पुढे कंपनी उभी राहिली.

त्या काळात विंडोजमध्ये स्वतःचे संरक्षण नव्हते. आता विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो. दुसरा अँटिव्हायरस बसवला की तो सहसा स्वतःहून मागे सरतो. अडचण येते ती दोन बाहेरचे अँटिव्हायरस एकाच वेळी असले की. एक फाइल दोघे तपासतात आणि एकमेकांची वाट अडवतात. लॅपटॉपसोबत आलेली चाचणी आवृत्ती आणि नंतर विकत घेतलेला अँटिव्हायरस, असे दोन नांदत असतील तर एक काढून टाकावा. मुदत संपलेला अँटिव्हायरस ठेवण्यात तर काहीच अर्थ नाही. वेग वाढवण्यासाठी संरक्षण पूर्ण बंद करणे मात्र धोक्याचे.

डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर?

आता गंभीर शक्यतेकडे वळू. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क आहे. तिची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या जागी लिहायचे असेल तर ती सेकंदाला शंभराच्या आसपासच कामे उरकू शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, ती अशी हजारो कामे करते. त्यामुळे धडधाकट हार्ड डिस्कही आजच्या विंडोजपुढे दमते.

पण दमलेली आणि आजारी यांत फरक आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडा. 'परफॉर्मन्स' या पानावर डिस्क बराच वेळ १०० टक्के दिसत असेल, पण तिथेच वाचन-लेखनाचा वेग अगदीच नगण्य असेल, तर डिस्क कामात नाही, धडपडीत आहे. तबकडीतून 'टिक टिक' आवाज येणे, फाइल उघडताना चुकीचा संदेश येणे, फोल्डर मध्येच गायब होणे, ही पुढची लक्षणे. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती एका शब्दात सांगते. विंडोज ११ मध्ये अनेक एसएसडींची प्रकृती सेटिंगमधील 'स्टोरेज' विभागातही पाहता येते.

यातले एकही लक्षण दिसले तर क्रम चुकवू नये. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी, मग बाकीचे पाहावे. डिफ्रॅग, फॉरमॅट किंवा डिस्क दुरुस्तीचा आदेश आधी दिला तर डिस्कवर तासन्‌तास ताण येतो आणि उरलेसुरले प्राणही जातात.

डिस्क निरोगी असेल तर जागा किती उरली ते पाहावे. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग घसरतो. साधारण १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवणे चांगले. सेटिंगमधील 'स्टोरेज'मध्ये गेल्यास जागा कशाने खाल्ली ते दिसते.

सांगलीच्या महापुराचा धडा

प्रत घ्यायची ती कुठे? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दुकाने, कार्यालये, घरे पाण्यात गेली. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी कपाटात शिरते तेव्हा लॅपटॉप आणि त्याच कपाटात ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क असा भेद करत नाही.

म्हणून जगभर मान्य असलेला नियम असा : महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातील एक दुसऱ्या गावी किंवा ढगात. सांगलीतल्या पेढीची एक हार्ड डिस्क साताऱ्यातल्या नातेवाइकाकडे राहिली तरी नियम पाळला गेला. गूगल खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते, दाखले, गुणपत्रिका आणि सातबारा उतारे ठेवायला ती पुरते.

टक्केवारी पुढे सरकत नसेल तर?

इंटरनेट योजनेच्या जाहिरातीतील आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. फाइल जोडताना लागतो तो अपलोडचा वेग आणि मोबाइल हॉटस्पॉटवर तो बराच कमी असू शकतो. हिशेब साधा आहे. २० एमबीची फाइल म्हणजे १६० मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल तर किमान ८० सेकंद लागणार. वेग २० मेगाबिट असेल तर तेच काम ८ सेकंदांत होते. शिवाय ईमेलमधून पाठवताना फाइलचे अक्षरांत रूपांतर होते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो.

जीमेलमध्ये २५ एमबीपेक्षा मोठी फाइल थेट जोडता येत नाही, ती ड्राइव्हवर चढवून तिचा दुवा पाठवला जातो. मोठ्या फाइलींचे मूळ बहुधा स्कॅनिंगमध्ये असते. साध्या कागदासाठी २०० डीपीआय आणि कृष्णधवल स्कॅन पुरेसे असते. रंगीत ६०० डीपीआयमध्ये केलेली तीच पीडीएफ कितीतरी पट मोठी होते.

दुकानात जाण्याआधी

वरील सगळे करूनही लॅपटॉप अडत असेल तर तंत्रज्ञाकडे जावेच. जाताना 'स्लो आहे' एवढेच न सांगता कोणत्या टप्प्यावर अडते, घरी अडते की सगळीकडे, वायफाय बंद केल्यावर काय होते, हे सांगावे. निम्मे निदान तिथेच होते.

हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवणे हा जुन्या लॅपटॉपसाठी सर्वांत जाणवणारा बदल असतो. तसे करायचे ठरले तर चार गोष्टी पाळाव्यात. प्रत आपल्याकडे आधी घ्यावी. वॉरंटी असलेले पक्के बिल मागावे. जुनी डिस्क परत घ्यावी, कारण तिच्यात आपली कागदपत्रे असतात. आणि बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतील तर लॅपटॉप देण्याआधी काढून टाकावेत.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हेही खर्च करण्याआधी ध्यानात घ्यावे. लॅपटॉपवर विंडोज ११ चालत असेल तर एसएसडीचा खर्च वसूल होतो. चालत नसेल तर तोच पैसा नव्या यंत्रात घालणे शहाणपणाचे ठरू शकते.

'तुमचा संगणक मंद आहे, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय' असा फोन आला किंवा पडद्यावर क्रमांक झळकला, तर प्रतिसाद देऊ नये. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. अशा फसवणुकीत पैसे गेले तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.

मुदत आजच रात्री असेल तर?

तेव्हा दुरुस्तीच्या मागे लागू नये, वळसा घालावा. वर्ड किंवा एक्सेलमध्ये एफ १२ बटण दाबले की मधले पान वगळून थेट 'सेव्ह अ‍ॅज'ची खिडकी येते. फाइल डेस्कटॉपवरच ठेवावी. जोडताना 'अटॅच' दाबण्याऐवजी डेस्कटॉपवरची फाइल माउसने ओढून थेट ईमेलवर सोडावी. अर्जातील 'चूज फाइल' बटणावरही बहुतेक ब्राउझरमध्ये ती अशीच सोडता येते. मग अडणारी खिडकी उघडावीच लागत नाही. वायफाय ऐनवेळी दगा देत असेल तर फोनच्या हॉटस्पॉटवर जावे. तेही जमले नाही तर दाखला फोनमध्ये घेऊन अर्ज फोनवरूनच पूर्ण करावा. पोच क्रमांक हाती आल्यावर, दुसऱ्या दिवशी निवांत बसून वरच्या तीन टप्प्यांतून खरे दुखणे शोधावे.